इनामगाव ओस का पडले? एका उत्तराची उलटतपासणी

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या उजव्या काठावर इनामगाव आहे. तिथल्या पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागी, इ.स.पू. १६०० च्या सुमारास शेतकरी येऊन राहिले आणि इ.स.पू. ७०० च्या सुमारास ती वस्ती ओस पडली. मधली नऊशे वर्षे म्हणजे शिवकाळापासून आजपर्यंतच्या काळाच्या दुपटीहून जास्त. एवढा काळ टिकलेले गाव लोकांनी का सोडले? या प्रश्नाचे सर्वांत परिचित उत्तर आहे दुष्काळ. पाऊस कमी झाला, शेती बुडाली, लोक शिकार आणि पशुपालनाकडे वळले आणि शेवटी निघून गेले.

हे उत्तर कसे तयार झाले, कोणत्या पुराव्यावर उभे राहिले आणि पुढच्या संशोधकांनी त्याला कुठे हात घातला, ते इथे पाहायचे आहे. भारतीय पुरातत्त्वात सिद्धान्ताची चर्चा बहुधा परदेशी नावांच्या यादीपाशी थांबते. इनामगावात मात्र त्या सिद्धान्तांनी खोदकामाची दिशा ठरवली, मोजमापाच्या वह्या बदलल्या आणि एकाच मातीतून वेगवेगळे गाव उभे केले. म्हणून हे प्रकरण मला मोलाचे वाटते.

खापरांवरून ओळखलेले लोक

इनामगावच्या आधीची स्थिती लक्षात घ्यावी लागते. १९५०-५१ मध्ये ह. धी. सांकळिया आणि शां. भा. देव या पुरातत्त्वज्ञांनी नाशिक आणि प्रवरेकाठच्या जोर्वे या गावी उत्खनन केले. जोर्व्याची लाल पृष्ठभागावर काळी नक्षी असलेली, पक्की भाजलेली, वाजवली तर खणखणणारी भांडी, विशेषतः लांब तोटीची, पुढे नेवासे, दायमाबाद अशा ठिकाणी मिळत गेली आणि 'जोर्वे संस्कृती' हे नाव रूढ झाले. नर्मदेकाठच्या नावडाटोलीतून माळवा संस्कृती पुढे आली.

त्या काळचा प्रश्न होता, हे लोक कोण आणि आले कुठून? खापरांचे आकार जुळले की माणसांचा प्रवास जुळला असे मानण्याची रीत जगभर होती. सांकळियांनीही नावडाटोलीच्या काही भांड्यांचे साम्य इराण आणि पश्चिम आशियातल्या भांड्यांशी दाखवले आणि त्यावरून लोकांच्या आगमनाचा विचार मांडला. आज ती मांडणी आपल्याला कच्ची वाटेल, पण तिच्यामागे शिस्त होती. सांकळिया १९३० च्या दशकात ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांच्या हाताखाली इंग्लंडमधल्या मेडन कॅसलच्या उत्खननात शिकले होते. उभा चर घ्यायचा, थर वेगळे करायचे, कोणते खापर कोणाच्या खाली येते ते नोंदवायचे. काळाचा क्रम लावण्यासाठी ही पद्धत उत्तम आहे.

उभ्या चरात गाव मात्र दिसत नाही. एका कोपऱ्यात चूल सापडते, दुसऱ्यात भिंतीचा तुकडा. किती घरे होती, कोण कोणाच्या शेजारी राहत होते, धान्य कुठे साठवत होते, हे पाच मीटर रुंदीच्या खड्ड्यातून कळणार नाही. प्रश्न 'कोण आणि कुठून' इतकाच असेल तोवर ही उणीव जाणवतही नाही. दरम्यान किरणोत्सर्गी कार्बनच्या कालमापनामुळे परदेशी खापरांशी तुलना करून काळ ठरवण्याची गरज कमी झाली आणि अभ्यासकांना दुसरे प्रश्न विचारायला उसंत मिळाली.

प्रश्न बदलला, तशी कुदळही बदलली

१९६२ मध्ये पुरातत्त्वज्ञ लुईस बिनफर्ड यांनी अमेरिकेत मांडले की पुरातत्त्व हे मानवशास्त्रच आहे. संस्कृती म्हणजे भांड्यांची यादी नसून माणसाने परिसराशी जुळवून घेण्याची व्यवस्था आहे आणि तिच्यातले बदल तपासता येतील अशा कारणांनी समजावता आले पाहिजेत. १९६८ मध्ये इंग्लंडमध्ये डेव्हिड क्लार्क यांचा 'अॅनालिटिकल आर्किऑलॉजी' हा ग्रंथ आला. या प्रवाहाला नवपुरातत्त्व किंवा प्रक्रियावाद म्हणतात.

त्याच १९६८ साली डेक्कन कॉलेजने इनामगावचे उत्खनन सुरू केले. सांकळिया तेव्हा साठीला आले होते. नाव झालेले होते, खापरांच्या अभ्यासात त्यांचा शब्द प्रमाण होता. तरीही त्यांनी नव्या विचारांकडे पाठ फिरवली नाही. १९७७ मध्ये त्यांनी नवपुरातत्त्वाची व्याप्ती आणि भारतातला उपयोग यावर पुस्तकच लिहिले. आपल्याच आयुष्यभराच्या पद्धतीच्या मर्यादा त्या वयात तपासायला घेणे ही मला मोठी गोष्ट वाटते.

म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी यांच्यासह हे काम १९८३ पर्यंत चालले. इथे आडवे उत्खनन केले गेले, म्हणजे एका काळातली जमीन जितकी पसरट उघडता येईल तितकी उघडायची. १३० हून अधिक घरे उजेडात आली. भारतातल्या एखाद्या ताम्रपाषाणयुगीन (तांबे आणि दगड दोन्हींची हत्यारे वापरणाऱ्या काळातल्या) खेड्याचा एवढा मोठा भाग त्यापूर्वी कोणी पाहिला नव्हता. धान्याचे जळके दाणे, हाडे, मातीचे नमुने हे सारे जपून ठेवले गेले. एम. डी. काजळे यांनी वनस्पतींच्या अवशेषांचा अभ्यास केला.

जमिनीतून काय निघाले

तीन कालखंड ठरले: माळवा (इ.स.पू. १६०० ते १४००), पूर्व जोर्वे (१४०० ते १०००) आणि उत्तर जोर्वे (१००० ते ७००). पूर्व जोर्वे काळातली घरे मोठी, आयताकृती, ठेंगण्या मातीच्या भिंतींची आणि वर कुडाची. घरांमध्ये चालण्यापुरती मोकळी जागा सोडलेली. जव हे मुख्य धान्य, सोबत गहू, मसूर, वाटाणा, कुळीथ. नदीच्या बाजूला बांध आणि पाणी वळवण्यासाठी चर. वस्तीच्या मध्यभागी पाच खोल्यांचे घर आणि त्याला लागून पेवे आणि कणग्यांचे ओटे असलेले कोठार. कुंभार, सोनार अशा कारागिरांची घरे वस्तीच्या पश्चिम कडेला.

उत्तर जोर्वे काळात चित्र पालटते. मोठी घरे जाऊन लहान गोल झोपड्या येतात, अनेकदा तीन-तीनच्या घोळक्यात. खापरांवरची नक्षी कमी होते. शेतीचे प्रमाण घटल्याचे आणि रानटी जनावरांची हाडे वाढल्याचे उत्खननकर्त्यांनी नोंदवले.

दफने दोनशेहून अधिक मिळाली, त्यांत बहुसंख्य मुलांची. मूल दगावले की दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवायचे आणि घराच्या जमिनीखालीच पुरायचे. प्रौढांना खड्ड्यात उताणे, डोके उत्तरेकडे. आणि बहुतेकांची पावले घोट्याखाली तोडलेली. अपवाद होता पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात सापडलेल्या प्रौढ पुरुषाचा. तो चार पायांच्या, फुगीर पोटाच्या, कच्च्या मातीच्या मोठ्या रांजणात मांडी घालून बसवलेला होता आणि त्याची पावले शाबूत होती.

गावप्रमुख आणि दुष्काळ

ढवळीकरांनी या सगळ्याची जी संगती लावली ती अत्यंत सुबक आहे. मध्यवर्ती मोठे घर, शेजारी कोठार, अंगणात वेगळ्या मानाने पुरलेला माणूस: म्हणजे गावप्रमुख. कोठारातले धान्य म्हणजे त्याच्याकडे जमा होणारा आणि त्याच्याकडून वाटला जाणारा साठा. समाज समान नव्हता, त्यात उतरंड होती. बांध आणि चर खणायला माणसे एकत्र आणणारी सत्ता हवीच, म्हणून तेही त्याच्याकडे बोट दाखवते. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ एल्मन सर्व्हिस यांनी १९६२ मध्ये टोळी, जमात, प्रमुखसत्ता आणि राज्य अशा पायऱ्या मांडल्या होत्या. त्यातल्या तिसऱ्या पायरीवर इनामगाव बसवले गेले.

उत्तर जोर्वे काळाचे स्पष्टीकरण हवामानातून आले. इ.स.पू. १००० च्या सुमारास पाऊस घटला, यासाठी नेवासे परिसरातल्या मातीचे परीक्षण आणि दूरच्या नाईल नदीच्या पुरांची पातळी यांसारखे दाखले जोडले गेले. पाऊस घटला म्हणून शेती आटली, शेती आटली म्हणून लोक फिरते झाले, फिरते झाले म्हणून घरे लहान आणि गोल झाली. गोल झोपडीचा अर्थ लावताना आजच्या पारधी वस्त्यांमधल्या झोपड्यांशी तुलना केली गेली. सर्व कड्या एकमेकींत अडकतात. उत्खननाचा बृहद अहवाल १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढे जवळजवळ दोन दशके हेच इनामगाव पाठ्यपुस्तकांत आणि संशोधनात राहिले. (एनसीईआरटीच्या सहावीच्या जुन्या इतिहास-पुस्तकात मात्र तो माणूस प्रमुख असेल का, असा प्रश्न मुलांना विचारून कारणे द्यायला सांगितले होते. त्या लेखकांचे कौतुक करावे तेवढे थोडे.)

कड्या तपासताना

या मांडणीत मला तीन ठिकाणी अडखळायला होते.

पहिली जागा म्हणजे फिरून तिथेच येणारा युक्तिवाद. इनामगावातली शेती आटणे हाच दुष्काळाचा एक पुरावा मानला आणि मग शेती का आटली याचे कारण दुष्काळ दिले, तर आपण काहीच सिद्ध केलेले नसते. हवामानाचा पुरावा वस्तीबाहेरून, स्वतंत्रपणे आणि त्याच शतकांचा मिळाला पाहिजे. नाईलचे पाणी इथिओपियाच्या पठारावरच्या पावसाचे. तो पाऊस आणि आपला मान्सून यांचे नाते आहे, हे खरे. पण त्यावरून घोड नदीच्या खोऱ्यात त्या विशिष्ट शतकात काय झाले हे ठरवणे धाडसाचे आहे.

दुसरी जागा भूगोलाची. इ.स.पू. १००० च्या सुमारास तापी आणि प्रवरा खोऱ्यांतल्या जोर्वे वस्त्या उठल्या. दायमाबादसारखे मोठे ठिकाणही रिकामे झाले. भीमेच्या खोऱ्यात मात्र इनामगावसारख्या वस्त्या आणखी तीनशे वर्षे टिकल्या. प्रवरेचा तो भाग पर्जन्यछायेत आहे हे मान्य, पण तापीचे खोरे काही घोडकाठाहून कोरडे नाही. एकट्या पावसाने वस्त्या उठत असत्या, तर सर्वांत आधी इनामगाव उठायला हवे होते. कालव्याच्या पाण्यावर ते तगले, असे उत्तर देता येईल; पण ते उत्तर देताच कारण आभाळातून उतरून माणसांच्या व्यवस्थेत येते.

तिसरी जागा पारधी झोपडीची, आणि इथे मला जास्त बोलावेसे वाटते. वर्तमानातल्या समाजाचे निरीक्षण करून भूतकाळाचा अर्थ लावणे ही उपयुक्त पद्धत आहे. कणगीचा ओटा कसा दिसतो, कुडाची भिंत पडली की तिचा ढीग कसा होतो, हे शिरूर-दौंडच्या खेड्यांत पाहूनच ढवळीकर आणि त्यांचे सहकारी घरे ओळखू शकले. पण वस्तूची तुलना आणि समाजाची तुलना यांत फरक आहे. पारध्यांच्या काही गटांना ब्रिटिशांनी १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या कक्षेत आणले, आणि त्या कायद्यातून सुटका व्हायला १९५२ साल उजाडले. त्यांच्या झोपडीचे हलकेपण दुष्काळाशी जुळवून घेतल्यामुळे आले, की पोलिसांच्या ससेमिऱ्यामुळे, जमीन नाकारली गेल्यामुळे? विसाव्या शतकातल्या त्यांच्या राहणीला इतिहास आहे. तो बाजूला ठेवून तिला तीन हजार वर्षांपूर्वीच्या 'घसरणी'चा नमुना म्हणून वापरले, की पुराव्यातही खोट येते आणि जिवंत माणसांवरही अन्याय होतो. गोल घर म्हणजे गरीब घर, हे समीकरण कुठून आले, हे विचारायलाच हवे.

हाडांची साक्ष

जुन्या उत्तराला खरे आव्हान सांगाड्यांतून मिळाले. जॉन लुकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी इनामगावच्या मानवी अवशेषांचा सविस्तर अभ्यास १९८६ मध्ये प्रसिद्ध केला. दुधाच्या दातांवर, विशेषतः सुळ्यांवर, इनॅमल (दातावरचे कठीण आवरण) नीट न बसल्याने राहिलेले खळगे त्यांनी मोजले. असा खळगा म्हणजे त्या बाळाच्या आयुष्याच्या अगदी सुरुवातीला वाढीवर ताण आल्याची खूण. १९९८ च्या निबंधात त्यांनी या खुणांचा संबंध हवामान आणि उपजीविकेच्या बदलाशी जोडला. म्हणजे निरीक्षणे नवी होती, पण चौकट अजून तीच, प्रक्रियावादी.

हाडे वाचताना एक मोठी अडचण असते. जेम्स वुड आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये ती मांडली. आजाराची खूण हाडावर उमटायला वेळ लागतो. जे मूल पहिल्याच तडाख्यात गेले, त्याचे हाड स्वच्छ दिसते. जे तगून काही वर्षे जगले, त्याच्या हाडावर व्रण राहतो. म्हणून स्वच्छ हाडांची संख्या वाढली तर समाज निरोगी झाला असेलच असे नाही. शिवाय इनामगावात प्रौढांची दफने मुलांच्या मानाने फारच कमी आहेत. बाकीचे प्रौढ कुठे गेले? त्यांना गावाबाहेर नेले, नदीत सोडले, जाळले? आपल्यासमोर आलेले सांगाडे हे त्या समाजाने निवडून घराखाली ठेवलेले आहेत, गावाची शिरगणती नव्हे.

या सर्व गोष्टी लक्षात ठेवून ग्वेन रॉबिन्स शुग यांनी त्याच हाडांकडे नव्याने पाहिले आणि २०११ मध्ये पुस्तक लिहिले. त्यांनी दोन कामे केली. एक, हवामानाचे तोवर उपलब्ध झालेले नवे पुरावे एकत्र ठेवले. त्यांतून दिसते की दख्खनचे निमकोरडे हवामान या शेतकऱ्यांच्या येण्याच्या आधीच स्थिरावलेले होते. इ.स.पू. १००० ला अचानक कोसळलेल्या दुष्काळाचा आधार त्यांना मिळाला नाही. हे लोक कोरड्या मुलखात आले आणि तिथेच शतकानुशतके नांदले. दोन, मुलांच्या मांडीच्या हाडांवरून वयानुसार उंची आणि वजन यांचा अंदाज बांधला, आणि मृतांच्या वयावरून जन्म-मृत्यूचे प्रमाण काढले. उत्तर जोर्वे काळात जन्म जास्त, बालमृत्यूही जास्त आणि मुलांची वाढ खुंटलेली, असे चित्र समोर आले.

याचा अर्थ मला असा दिसतो: गावावर संकट होते, हे ढवळीकरांचे म्हणणे खोटे ठरत नाही. ताण होताच, आणि तो आधी वाटला त्याहून कदाचित अधिक बोचरा होता, कारण तो लहान मुलांच्या अंगावर दिसतो. बदलले ते कारण. पाऊस गेला म्हणून सगळे गेले, या सरळ रेषेऐवजी जमिनीचा कस, वाढती तोंडे, शेजारच्या खोऱ्यांतल्या वस्त्या उठल्याने तुटलेली देवाणघेवाण आणि या सगळ्यात लोकांनी घेतलेले निर्णय असा गुंता समोर येतो. गुंता सांगायला अवघड असतो, पण म्हणून तो टाळून चालत नाही.

ते कायमचे गाव होते का?

शीना पांजा यांनी २००३ मध्ये आणखी मुळाशी हात घातला. आधी स्थिर गाव, मग भटकी वस्ती, अशी दोन टोके आपण का गृहीत धरतो? कोणी किती काळ राहण्याच्या बेताने घर बांधले, सोडताना काय नेले आणि काय टाकले, याच्या खुणा घराच्या रचनेत आणि कचऱ्यात शोधता येतात. या नजरेने त्यांनी इनामगावची मांडणी तपासली आणि फिरतेपण हा त्या लोकांच्या जगण्याच्या रीतीचाच भाग म्हणून पाहिला. आपल्याकडे मेंढ्यांचे वाडे घेऊन आठ महिने कोकणात किंवा देशावर उतरणारे आणि पावसाळ्यात घरी परतणारे धनगर आजही आहेत. त्यांना कोणी 'घसरलेले शेतकरी' म्हणत नाही.

हे मान्य केले तर गावप्रमुखाचेही पुन्हा पाहावे लागते. कोठार प्रमुखाचे, की सगळ्यांच्या बियाण्याचे? जे घर सर्वांत जास्त दिवस वसलेले राहते, ते साहजिकच मोठे होत जाते. अंगणातला माणूस सत्ताधारी होता, की धर्मकार्य करणारा, की आणखी कोणी? पावले का तोडली, याचे 'मृताने भूत होऊन पळून जाऊ नये म्हणून' हे स्पष्टीकरण सर्रास दिले जाते. ते शक्य आहे. पण मग मुलांना घराच्या जमिनीखाली, रोजच्या वावराच्या जागी ठेवणारे लोक मृतांना घाबरत होते की जवळ ठेवू पाहत होते? ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ इयन हॉडर यांनी १९८० च्या दशकात प्रक्रियावादाला हरकत घेतली ती इथेच: वस्तू पोट भरण्याच्या व्यवस्थेपलीकडे अर्थही वाहतात. इनामगावात एका घराच्या जमिनीखाली मातीची झाकणाची पेटी मिळाली. पेटीत शिर नसलेली स्त्रीमूर्ती, वर तशीच दुसरी आणि एक बैल. बैलाच्या पाठीला भोक, मूर्तीच्या पोटालाही भोक; काडी घातली की ती बैलावर बसते. तिला मातृदेवता म्हणून आपण मोकळे होतो. मला वाटते, इथे घाई झाली आहे. कोणी ती मुद्दाम बंद करून पुरली, आणि ज्या जमिनीखाली मुले पुरतात त्याच जमिनीखाली. हे दोन्ही एकत्र वाचणारा सविस्तर अभ्यास व्हायला हवा.

हे सगळे वाद शक्य झाले, याचे श्रेय पहिल्या उत्खननकर्त्यांना जाते. त्यांनी आपल्या सिद्धान्ताला लागेल तेवढेच उचलले नाही. हाडे जपली, घरांचे नकाशे छापले, अहवाल पूर्ण केला. आपल्याकडे उत्खनन होऊन दशके उलटली तरी अहवाल न आलेली ठिकाणे कमी नाहीत. तिथे चुकीचे अन्वयार्थसुद्धा दुरुस्त करता येत नाहीत, कारण तपासायला काही नसते. डेक्कन कॉलेजमधलेच के. पद्दय्या यांनी १९९० मध्ये नवपुरातत्त्वाचा इंग्लंड-अमेरिकेबाहेरून परामर्श घेणारे पुस्तक लिहिले, म्हणजे सिद्धान्ताची झाडाझडतीही याच आवारात झाली.

पुढची कसोटी कोणती, हे बऱ्यापैकी स्पष्ट आहे. माणसे फिरत होती का, हे दातांतल्या स्ट्रॉन्शियमवरून (खडकातून अन्नपाण्यावाटे दातांत उतरणाऱ्या मूलद्रव्यावरून) अनेक देशांत ठरवतात, पण दख्खनचा काळा पाषाण शेकडो किलोमीटर जवळपास एकसारखा असल्याने त्या मार्गाने इथे फारसे हाती लागणार नाही. त्यापेक्षा गुरांचे दात घ्यावेत. बैलाच्या दाढेचे इनॅमल महिनोन्‌महिने चढत जाते. वरपासून खालपर्यंत ओळीने नमुने घेतले, तर त्यांतल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून (हलक्या-जड अणूंच्या प्रमाणावरून) पावसाळा आणि उन्हाळा वेगळे काढता येतात आणि कार्बनवरून त्या त्या ऋतूतला चारा कळतो. पूर्व जोर्वे आणि उत्तर जोर्वे थरांतल्या गुरांच्या दाढा अशा तपासल्या, तर त्या शतकांत पाऊस बदलला का आणि जनावरे वर्षभर घोडकाठीच होती का, या दोन्ही प्रश्नांना एकाच दाढेतून उत्तर मिळू शकेल.